मदत हवी आहे: वृषणे निरोगी, तरी वीर्यात शुक्राणू शून्य. शुक्रवाहिन्यांच्या जन्मजात अभावाविषयी माहिती हवी

कृष्णाकाठ:

नमस्कार. वैद्यकीय क्षेत्रातील जाणकारांकडून मला काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. माझे वय ३४ आहे, लग्नाला सहा वर्षे झाली आहेत आणि आम्हाला मूल नाही. माझ्या दोन्ही शुक्रवाहिन्या, म्हणजे वृषणाकडून शुक्राणू पुढे वाहून नेणाऱ्या नळ्या, जन्मतःच नाहीत, असे निदान नुकतेच झाले आहे. पुढे काय करायचे ते डॉक्टरांनी सांगितले आहे. परंतु त्यामागचे कारण कळल्याखेरीज आमचे समाधान होत नाही आणि घरच्यांनाही काही समजावून सांगता येत नाही. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत एवढे प्रश्न विचारणे शक्य झाले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

वीर्यतपासणीचा अहवाल असा आहे: प्रमाण ०.७ मिली, पीएच ६.६, फ्रुक्टोज नाही आणि शुक्राणू शून्य. नमुना सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून तळाशी बसलेला अंशही तपासला, त्यातही काही आढळले नाही. नमुना सुरुवातीपासूनच पाण्यासारखा पातळ होता, त्याची गुठळी झालीच नाही, असा शेराही खाली लिहिला आहे. दुसऱ्या प्रयोगशाळेचा निष्कर्षही हाच आला. रक्तातील एफएसएच (वृषणाला चालना देणारे एक संप्रेरक) ४.८ आहे आणि टेस्टोस्टेरॉनही सामान्य मर्यादेत आहे.

प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी मूत्ररोगतज्ज्ञांनी दोरीत ओवलेले, क्रमाने मोठे होत जाणारे मणी हातात घेतले आणि एकेक मणी वृषणाशी ताडून पाहिला. दोन्ही वृषणे १५ आणि २० मिलीच्या मण्यांच्या दरम्यानची, म्हणजे व्यवस्थित वाढलेली आहेत, असे ते म्हणाले. त्यानंतर वृषणकोशाच्या वरच्या भागातील त्वचा अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून ते आधी उजवीकडे आणि मग डावीकडे बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. तेथे सुतळीसारखी कडक लागायला हवी ती शुक्रवाहिनी कोणत्याच बाजूला हाताला लागत नाही, असे सांगून त्यांनी मूत्रपिंडांची सोनोग्राफी, माझी सीएफटीआर या जनुकाची तपासणी आणि पत्नीचीही तीच तपासणी लिहून दिली. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे जागेवर आहेत. जनुकीय तपासणी अजून व्हायची आहे.

माझा पहिला प्रश्न असा की, वृषणे व्यवस्थित असतील आणि त्यांत शुक्राणू तयार होत असतील, तर ते जातात कोठे? इतकी वर्षे ते साठत राहिले असतील, तर त्याचा काही अपाय होतो का? दुसरा प्रश्न वीर्याच्या प्रमाणाविषयी आहे. आमच्या नात्यातील एका गृहस्थांची नसबंदी झालेली आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार शस्त्रक्रियेनंतर वीर्याच्या प्रमाणात काहीच फरक पडला नाही. शुक्रवाहिनी त्यांचीही बंद आहे आणि माझ्याकडे ती नाहीच. मग माझ्याच अहवालात प्रमाण इतके कमी आणि पीएच आम्लधर्मी का?

मी कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत भट्टीच्या विभागात काम करतो. उष्णतेने शुक्राणू कमी होतात असे वाचल्यापासून पत्नीला वाटते की, मी हे काम आधीच सोडायला हवे होते. आईच्या मते मला लहानपणी गालगुंड झाले होते, त्याचाच हा परिणाम आहे. या दोन्ही शंकांना काही आधार आहे का? शिवाय व्यायामशाळेतील एका परिचिताने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेण्याचा आग्रह धरला आहे, त्याविषयीही जाणकारांनी स्पष्ट मत द्यावे.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोष माझ्या शरीरात असताना पत्नीची जनुकीय तपासणी कशासाठी? ती माझ्या सख्ख्या मामाची मुलगी आहे, हे ऐकल्यावर डॉक्टरांनी या तपासणीवर अधिकच भर दिला. माझी वीर्यतपासणी सांगितली जाण्यापूर्वी तिच्या गर्भनलिकांच्या तपासण्या झाल्या, दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली, महिनोन्महिने गोळ्या-इंजेक्शने झाली. सर्वांत सोपी, स्वस्त आणि वेदनारहित तपासणी सर्वांत शेवटी व्हावी, हा तिच्यावर झालेला अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच आता तिला आणखी एका तपासणीला सामोरे जायला सांगण्यापूर्वी तिचे कारण मला नीट कळायला हवे.

वाटाड्या:

मी मूत्ररोगतज्ज्ञ आहे. आपल्याला प्रत्यक्ष तपासले नसल्यामुळे निदानाची जबाबदारी आपल्या डॉक्टरांचीच आहे. परंतु आपण दिलेले आकडे त्यांच्या निदानाशी पूर्णपणे जुळतात, म्हणून त्या आकड्यांचा अर्थ सांगतो.

वृषणाची कामे दोन आहेत आणि त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. बारीक, नागमोडी शुक्रजनक नलिकांमध्ये शुक्राणू तयार होतात, तर त्या नलिकांच्या मधल्या जागेत असलेल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात. टेस्टोस्टेरॉन थेट रक्तात मिसळते, त्याला शुक्रवाहिनीची गरज नसते. म्हणूनच दाढी, आवाज, कामेच्छा आणि ताठरता यांत आपल्याला कधी काही उणे जाणवले नसणार. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एलएच या संप्रेरकाने लायडिग पेशींना आणि एफएसएचने शुक्रजनक नलिकांमधील सर्टोली पेशींना चालना देते. नलिकांचे काम नीट चालू असले की सर्टोली पेशी इन्हिबिन हे संप्रेरक सोडून एफएसएचला आवर घालतात. नलिका खराब झाल्या की हा आवर सुटतो आणि एफएसएच वाढते. आपले एफएसएच ४.८, म्हणजे न वाढलेले आहे आणि वृषणांचा आकारही चांगला आहे, म्हणजे कारखाना चालू असण्याची शक्यता मोठी आहे.

आपल्या आईंच्या शंकेचे उत्तरही यातच आहे. गालगुंडाचा विषाणू वृषणापर्यंत पोहोचून हानी करतो ती प्रामुख्याने वयात आल्यानंतर झालेल्या आजारात; अशा वेळी वृषण पुढे आक्रसते, मऊ पडते आणि दोन्ही वृषणांना मोठी इजा झालेली असेल तर एफएसएचही वाढते. आपल्याकडे यांपैकी काहीच दिसत नाही. उष्णतेचा मुद्दा मात्र खरा आहे. शुक्राणूंच्या निर्मितीसाठी वृषणाचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअसने कमी असावे लागते. म्हणूनच ते शरीराबाहेर वृषणकोशात असते आणि त्याच्या धमनीभोवती शिरांचे जाळे असते, जे आत येणाऱ्या रक्तातील उष्णता काढून घेते. भट्टीजवळच्या कामाने शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटू शकते, पण उष्णता फ्रुक्टोज नाहीसे करत नाही आणि शुक्रवाहिनी तर मुळीच नाही. पत्नीला हे जरूर सांगा.

आता वीर्याचे प्रमाण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीत प्रमाणाची खालची मर्यादा १.४ मिली आहे, आपले त्याच्या निम्मे आहे. वीर्यातील शुक्राणू आणि त्यांच्यासोबतचा वृषणाकडचा द्रव हा भाग फार थोडा, साधारण ५ टक्क्यांच्या आसपास असतो. सुमारे ६० ते ७० टक्के द्रव मूत्राशयामागे असलेल्या दोन शुक्राशयांतून येतो. तो अल्कधर्मी असतो, त्यात फ्रुक्टोज असते आणि वीर्याची गुठळी करणारी प्रथिनेही त्यातच असतात. उरलेला बराचसा द्रव पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा असतो. तो पातळ आणि किंचित आम्लधर्मी असतो. शुक्रवाहिनी वृषणकोशातून वर जांघेतून पोटात शिरते, मूत्राशयाच्या मागे जाते आणि तेथे शुक्राशयाची नळी तिला मिळून स्खलनवाहिनी तयार होते. नसबंदीत शुक्रवाहिनी वृषणकोशातच, या संगमाच्या बरीच अलीकडे बांधली जाते. त्यामुळे आपल्या नातेवाइकांचे शुक्राशय पूर्वीप्रमाणेच काम करत आहेत. आपल्याकडे शुक्रवाहिनीबरोबर शुक्राशयही नाहीत किंवा अविकसित आहेत, म्हणून आपला नमुना म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रोस्टेटचा द्रव आहे: थोडा, आम्लधर्मी, फ्रुक्टोज नसलेला, गुठळी न होणारा. स्खलनवाहिनी दोन्ही बाजूंना बंद झाली तरी अहवाल हुबेहूब असाच येतो, परंतु तेव्हा शुक्रवाहिनी हाताला लागते. आपल्या डॉक्टरांनी चाचपण्यात वेळ घालवला तो यासाठी.

तयार झालेले शुक्राणू अधिवृषणापर्यंत येतात. अधिवृषण म्हणजे वृषणाला मागून चिकटलेली, उलगडली तर सुमारे ६ मीटर भरेल अशी वेटोळ्यांची नळी. आपल्यासारख्या रुग्णांत तिचा वरचा भाग, म्हणजे शीर्ष, बहुधा शाबूत असतो. पुढे वाट नसल्यामुळे शुक्राणू तेथे जुने होऊन मोडतात, भक्षक पेशी त्यांचा निचरा करतात आणि त्यांतील घटक शरीरात शोषले जातात. नसबंदीनंतरही हेच घडते. त्यापासून अपाय नाही.

मूत्रपिंडांचा संबंध गर्भावस्थेशी आहे. अधिवृषणाची नळी, शुक्रवाहिनी आणि शुक्राशय ही सर्व गर्भातील वुल्फियन नलिकेपासून घडतात आणि मूत्रवाहिनीचा अंकुरही त्याच नलिकेतून फुटतो. ही नलिका सातव्या आठवड्यापूर्वीच बिघडली, तर त्या बाजूचे मूत्रपिंडही तयार होत नाही. आपली दोन्ही मूत्रपिंडे जागेवर असल्यामुळे संशय सीएफटीआर जनुकाकडे अधिक झुकतो. हे जनुक सातव्या गुणसूत्रावर असते आणि पेशींच्या आवरणातून क्लोराइडची ने-आण करणाऱ्या प्रथिनाची माहिती त्यात असते. ते बिघडले की नळ्यांतील स्राव घट्ट होतो; गर्भात शुक्रवाहिनी तयार होऊनही पुढे ती झिजून जाते, असे मानले जाते. याच जनुकाच्या दोन्ही प्रती गंभीर स्वरूपात बिघडल्या, तर मुलाला सिस्टिक फायब्रोसिस हा फुफ्फुसांचा आणि स्वादुपिंडाचा आजार होतो. आपल्याला वारंवार सायनसचा त्रास, जुना खोकला किंवा स्वादुपिंडाचा दाह झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

पत्नीच्या तपासणीचे कारण हेच. आपल्या दोन्ही प्रतींत दोष आढळला, तर त्यांतील एक आपल्या आईंकडून आलेली असणार. आईंच्या सख्ख्या भावात तीच प्रत असण्याची शक्यता निम्मी आणि त्यांच्या मुलीत, म्हणजे आपल्या पत्नीत, एक चतुर्थांश आहे. परक्या घरातील मुलीच्या तुलनेत ही शक्यता फार मोठी आहे. ती वाहक निघाली, म्हणजे तिची एक प्रत सदोष असली, तर प्रत्येक अपत्याला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता निम्मी असते. त्याचा परिणाम किती तीव्र होईल, हे नेमके कोणते बदल आहेत यावर अवलंबून राहते. हे आधी कळले तर गर्भाशयात सोडण्यापूर्वी भ्रूणाची जनुकीय तपासणी करण्याचा मार्ग खुला राहतो. तिच्यासाठी ही केवळ रक्ताची तपासणी आहे. प्रयोगशाळेला मात्र आवर्जून विचारा की, ठरावीक चार-दोन बदलच पाहणार की संपूर्ण जनुक वाचणार. कारण भारतीय रुग्णांत फाइव्ह-टी हा बदल बऱ्याचदा सापडतो आणि मर्यादित चाचणीत तो सुटू शकतो.

नसलेली शुक्रवाहिनी कोणत्याही शस्त्रक्रियेने किंवा चूर्णाने तयार होत नाही. सुईने अधिवृषणातून, किंवा गरज पडल्यास वृषणातून, शुक्राणू काढायचे आणि एकेक शुक्राणू एकेका अंड्यात सोडायचा, हा इक्सीचा मार्ग आहे. या पद्धतीने झालेल्या पहिल्या बाळांची नोंद १९९२ साली ब्रुसेल्समधून झाली. केंद्र निवडताना ते सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाविषयीच्या २०२१ च्या कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, हे पाहा.

टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने कृपया घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की पियुषिका एलएच आणि एफएसएच सोडणे थांबवते. वृषणाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी अधिक टेस्टोस्टेरॉन असते आणि शुक्राणूंना तेच लागते. ते ओसरले की निर्मिती बंद पडते. शुक्राणू घडायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे इंजेक्शने थांबवल्यावरही निर्मिती पूर्ववत होण्यात अनेक महिने जातात. आज आपल्या हाती असलेली एकमेव भक्कम गोष्ट म्हणजे चालू असलेली वृषणे, तीच त्या इंजेक्शनांनी गमावली जाईल.

कृष्णाकाठ:

मनःपूर्वक आभार. हे उत्तर मी पत्नीला वाचून दाखवले. तपासणीला जायची तयारी तिने स्वतःहून दर्शवली. आणखी एक विचारतो. माझ्या धाकट्या भावाचे लग्न ठरत आहे. त्याला आतापासून काही तपासून घ्यायला सांगावे का, की विनाकारण धास्ती घालणे होईल?

वाटाड्या:

अवश्य सांगावे. सख्ख्या भावाला आपल्यासारख्याच दोन्ही प्रती मिळालेल्या असण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. सुरुवात जनुकीय तपासणीने करण्याची गरज नाही. मूत्ररोगतज्ज्ञांनी दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या हाताने तपासाव्यात, त्याला काही मिनिटेच लागतात. सोबत एक वीर्यतपासणी करावी, त्याआधी दोन ते सात दिवस स्खलन झालेले नसावे आणि नमुना सांडू न देता पूर्ण गोळा करावा, अन्यथा प्रमाण उगाच कमी दिसते. दोन्ही बाजूंना शुक्रवाहिनी लागली आणि अहवालही सामान्य आला, तर आपल्याला झालेला हा प्रकार त्याला नाही, असे धरून चालता येईल. तो वाहक आहे की नाही, हा प्रश्न आपल्या जनुकीय तपासणीचा निकाल आल्यावर पाहावा. त्याचेही लग्न नात्यातच ठरत असेल, तर तो निकाल येईपर्यंत थांबणे इष्ट.