‘ऑरगॅझम’ला मराठीत काय म्हणावं?

ऐरोलीकर: कोपरखैरणे-घणसोलीतल्या बायकांसाठी आम्ही चार पानी माहितीपत्रक करतोय. पाळी आणि रजोनिवृत्तीची पानं झाली. लैंगिक आरोग्याच्या पानावर ‘ऑरगॅझम’ आला आणि गाडी अडली. मसुद्यात कामतृप्ती, परमोच्च सुख, चरमसुख, स्त्रीस्खलन असे चार शब्द फिरताहेत. वाचणाऱ्यांत साताऱ्याकडून आलेल्या माथाडी कुटुंबांतल्या बायका आहेत, गावठाणातल्या आगरी बायकाही. बऱ्याच जणी आठवी-दहावीपर्यंत शिकलेल्या. यातलं काय ठेवू?

नौपाड्याचा जुना: आधी ‘स्त्रीस्खलन’ काढा. स्खलन म्हणजे घसरणं, गळणं. पुरुषाचं वीर्य बाहेर पडतं म्हणून तिथे तो शब्द चालतो. बाईच्या बाबतीत काही बाहेर पडलंच पाहिजे असं नाही. काहींना त्या वेळी द्रव येतो, अनेकींना येत नाही. न येणारी हे वाचून स्वतःत खोट शोधत बसेल.

घोळ तसा प्राचीन आहे. कामसूत्रात यावरचा वाद नोंदवलाय. औद्दालकी नावाचा आचार्य म्हणतो, स्त्रीला पुरुषासारखं स्खलन नाही. बाभ्रव्य या दुसऱ्या आचार्याच्या पंथाचे म्हणतात, तिचं पहिल्यापासून शेवटपर्यंत चालूच असतं. भांडण बाईच्या सुखाचं आणि मोजपट्टी दोघांच्याही हातात पुरुषाची!

घोडबंदर: ‘परमोच्च सुख’ भारदस्त आहे. तेच ठेवा.

नेरूळची डॉक्टरीण: भारदस्त आहे हीच अडचण. ओपीडीत असा शब्द वापरला की समोरची मान डोलावते आणि विषय तिथेच संपतो. शिवाय ‘परमोच्च’ वाचून ज्यांना सौम्य जाणवतं त्यांना वाटतं, आपलं हे खरं नव्हेच. एकाच बाईलाही दर वेळी सारखं जाणवत नाही.

शब्द ठरवण्याआधी शरीरात काय होतं ते साधं लिहा. उत्तेजना आली की ओटीपोटाकडे रक्त वाढतं, योनीमार्ग ओला होतो, शिश्निका (क्लिटोरिस, योनीमुखाच्या वरचा संवेदनशील अवयव) फुगते. श्वास आणि नाडी वाढते. ताण चढत जातो आणि एका क्षणी योनीभोवतालचे व ओटीपोटाच्या तळाचे स्नायू लयीत आवळतात-सुटतात, सुरुवातीला साधारण ०.८ सेकंदांच्या अंतराने. मग सैल वाटतं. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९६६ मध्ये याचे चार टप्पे मांडले : उत्तेजना, पठार (चढलेला ताण टिकून राहतो तो टप्पा), ऑरगॅझम, विराम. ‘इच्छा’ त्यात नव्हतीच. ती लैंगिक उपचारतज्ज्ञ हेलन कॅप्लन यांनी सत्तरच्या दशकात जोडली. २००० साली डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी दाखवलं की दीर्घ नात्यात अनेक बायकांना इच्छा आधी नसते, जवळीक आणि स्पर्श सुरू झाल्यावर ती जागी होते. “मला आधीसारखं मनातच येत नाही” म्हणणाऱ्या कितीतरी जणींना एवढं सांगितलं तरी हायसं वाटतं.

आणि हे ठळक छापा : ओलेपणा ही शरीराची प्रतिक्रिया आहे, तो होकार नव्हे. उलट मनात असूनही कोरडेपणा राहू शकतो, विशेषतः बाळंतपणानंतर, अंगावर पाजताना किंवा पाळी गेल्यावर. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी ऑरगॅझम लांबतो किंवा येतच नाही. अशा वेळी गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांशी बोलावं.

वागळेवाली: मी वस्तीत बायकांचे गट घेते. तिथे यातला एकही शब्द नसतो. त्या म्हणतात, “त्यांचं झालं, माझं व्हायचं राहिलं.” नाम नाहीच, नुसतं ‘होणं’. आणि सगळ्यांना कळतं! ‘समाधान’सुद्धा म्हणतात, पण त्यात पोरं शिकली, घर झालं, हेही येतं.

नौपाड्याचा जुना: ‘कामतृप्ती’चंही तेच. तृप्ती हा परिणाम, ऑरगॅझम ही घटना. घटना घडून तृप्ती नसेल, घटना न घडता तृप्ती असेल.

ऐरोलीकर: मग शीर्षकात ‘ऑरगॅझम’, पहिल्याच वाक्यात “ज्याला बायका ‘माझं झालं’ म्हणतात” आणि खाली डॉक्टरीणबाईंचं वर्णन. चालेल?

नेरूळची डॉक्टरीण: चालेल. फक्त ‘होणं’ एकदाच असतं असा अर्थ निघू देऊ नका. पुरुषाला त्यानंतर काही काळ पुन्हा उत्तेजित होता येत नाही. बाईला लगेच पुन्हा होऊ शकतं, नाही झालं तरी बिघडत नाही. आणि बहुतेक बायकांना केवळ संभोगाने ऑरगॅझम येत नाही, शिश्निकेला थेट किंवा आजूबाजूने स्पर्श लागतो, हे वाक्य गाळू नका. अशा पत्रकांतून नेमकं तेच गळतं.

घोडबंदर: नवरे वाचतील ना पत्रक!

वागळेवाली: वाचू देत की.

ऐरोलीकर: आकृतीत ‘शिश्निका’ लिहू का? शब्दातच ‘छोटं शिश्न’ आहे, ते खटकतं.

नेरूळची डॉक्टरीण: मलाही खटकतं. गर्भात दोन्ही अवयव एकाच उंचवट्यातून घडतात, म्हणून एकाला दुसऱ्याची छोटी प्रत म्हणणं चूकच. आणि ती छोटी तरी कुठे? बाहेर दिसतं ते फक्त टोक. तिचे आतले पायांसारखे दोन फाटे आणि योनीमुखाच्या दोन्ही बाजूंचे फुगीर भाग ऑस्ट्रेलियन शल्यचिकित्सक हेलन ओ’कॉनेल यांनी १९९८ मध्ये शवविच्छेदनातून नीट मांडले. आकृतीत ‘क्लिटोरिस’ लिहा, कंसात ‘शिश्निका’. आणि आतला भागही काढायला सांगा. चित्रकार बहुतेक नुसता ठिपका देतात.