उत्तर: टोयोटा कोरोलाचं १झेडझेड-एफई इंजिन, पिस्टनला भोकं पाडताना

कोरोलाचं इंजिन ऑइल खात (जाळत) असेल, तर नुसत्या पिस्टनच्या रिंगा बदलून ते थांबेल, असा सल्ला दिला जातो. थांबेल, पण काही दिवसच. या इंजिनाच्या सुरुवातीच्या पिस्टनांत ऑइल रिंगच्या मागची परतीची भोकं बारीक आणि मोजकी आहेत. ती कार्बनने बुजली की रिंगने खरवडलेलं ऑइल खाली जातच नाही, रिंगही खाचेत चिकटते. सुधारित पिस्टन मिळत असतील तर तेच घ्या. जुनेच वापरायचे असतील तर भोकं वाढवा.

आधी ऑइल रिंगच्या खाचेची रुंदी कॅलिपरने मोजा आणि ड्रिल बिट त्याहून अर्धा मिलिमीटर तरी बारीक घ्या. खाचेच्या वरच्या-खालच्या सपाट कडेला बिट लागला तर रिंग तिथे नीट बसत नाही, पिस्टन भंगारात. भोकं स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भिंतीच्या) दोन्ही बाजूंना सारखी वाटून, गजनपिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) बॉसपासून, म्हणजे ती बसते त्या जाड भागापासून, लांब पाडा. बिट आत कुठे निघतो ते आधी आतून बघा.

वजनाची फार चिंता नको: २ मिमीचं भोक ४ मिमी जाड भिंतीतून पाडलं तर जेमतेम ०.०३ ग्रॅम धातू जातो. चारही पिस्टनना सारखीच भोकं हवीत, एवढंच. खरी काळजी ‘बर’ची, म्हणजे ड्रिलमुळे भोकाच्या कडेला उरलेल्या धातूच्या धारेची. आतली धार स्क्रेपरने काढा, रॉकेलने धुवा, हवा मारा. राहिलेला ॲल्युमिनियमचा कीस थेट बेअरिंगात जातो.

आणि हो, रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना फक्त क्षणभर निळा धूर येत असेल, तर रिंगांऐवजी आधी व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत झिरपू न देणारी रबरी सील) बघा.