चिमारा वंशातील कॅडिसफ्लाय: प्रजाती नवी आहे, हे कशावरून ठरवावे?

ओहळकाठ (प्रश्न):

नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्यातील घाटमाथ्यावरच्या एका बारमाही ओढ्यातील पाणकिड्यांवर मी पदव्युत्तर प्रकल्प करत आहे. पावसाळा सरल्यावर काठावर पांढरा पडदा लावून दिव्याच्या उजेडात जे कीटक गोळा केले, त्यांत लहान चणीचे, काळपट कॅडिसफ्लाय (अळी पाण्यात वाढणारे, पतंगासारखे दिसणारे कीटक) बऱ्याच संख्येने मिळाले. डोक्यावर साधे नेत्र आहेत, मुखाजवळच्या पॅल्प या स्पर्शांगाचा शेवटचा खंड लांब व लवचीक आहे आणि पुढच्या, मधल्या व मागच्या नडगीवर अनुक्रमे १, ४ आणि ४ काटे आहेत. त्यामुळे हे फिलोपोटॅमिडी कुळातील चिमारा वंशाचे कीटक आहेत, इथपर्यंत मला खात्री आहे.

अडचण त्यापुढची आहे. नराच्या जननांगांची रचना माझ्याकडील कोणत्याही रेखाटनाशी जुळत नाही. लिंगाच्या आत दोन असमान लांबीचे काटे दिसतात आणि पोटाच्या दहाव्या खंडाच्या बाजूच्या पाळ्या टोकाशी दुभंगलेल्या आहेत. प्रजाती ओळखण्यासाठी वापरतात त्या सीओआय जनुकाचा एका नराचा डीएनए-क्रमही काढून घेतला. डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक संग्रहातील सर्वांत जवळचा क्रमसुद्धा त्याच्यापासून बराच दूर आहे. एवढ्या आधारावर लेख पाठवून द्यावा, असे सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. मला ती घाई वाटते. शिवाय त्याच ओढ्यात दगडांखाली चिमाराच्या अळ्या मिळाल्या आहेत. त्यांचे वर्णन त्याच लेखात करता येईल का?

सूक्ष्मदर्शक:

वंशाची ओळख बरोबर वाटते, आणि घाई न करण्याचा आपला विचारही. आपल्याकडील रेखाटनांशी नमुना न जुळणे आणि त्या प्रजातीचे वर्णन आजवर कोणीही केलेले नसणे, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चिमारा हा कॅडिसफ्लायच्या सर्वांत मोठ्या वंशांपैकी एक असून भारतीय प्रजातींची वर्णने शंभराहून अधिक वर्षांच्या साहित्यात विखुरलेली आहेत. म्हणून प्रथम ट्रायकॉप्टेराच्या, म्हणजे कॅडिसफ्लायच्या गणाच्या, जागतिक सूचीतून भारत, श्रीलंका आणि म्यानमार येथून नोंदलेल्या चिमाराच्या सर्व नावांची यादी काढा आणि प्रत्येक नावाचे मूळ वर्णन मिळवा. दुसऱ्याने उतरवून घेतलेल्या रेखाटनावर विसंबू नका. श्रीलंका वगळण्याचा मोह होईल. पण पश्चिम घाट आणि श्रीलंका यांच्या जलकीटकांत इतके साम्य आहे की तो मोह महागात पडतो.

मूळ वर्णनांचा दर्जा सारखा नसतो. लंडनच्या संग्रहात काम केलेल्या मोझली आणि किमिन्स यांची, तसेच भारतात दीर्घकाळ संग्रह केलेल्या फर्नांड श्मिड यांची रेखाटने पाहून बहुतेक वेळा निर्णय करता येतो. स्पॅनिश धर्मगुरू लाँगिनोस नावास यांची वर्णने मात्र पुष्कळदा चार ओळींची असतात आणि त्यांत रंग व पंख यांवरच भर असतो. अशा नावाच्या बाबतीत मूळ नमुना कोणत्या संग्रहालयात आहे ते शोधून त्याच्या जननांगांची छायाचित्रे मागवण्यावाचून गत्यंतर नाही. संग्रहालये अशा विनंत्यांना साधारणपणे उत्तर देतात. वेळ लागतो, एवढेच.

आता आपल्या दोन काट्यांविषयी. चिमाराच्या लिंगात एक पातळ पडद्याची पिशवी असते. ती काही नमुन्यांत आत ओढलेली तर काही नमुन्यांत बाहेर उलटलेली असते, त्यामुळे तेच काटे एका नरात खोल आणि शेजारी दिसतात, तर दुसऱ्यात टोकाशी आणि एकमेकांपासून दूर. हा प्रजातीभेद नव्हे. पोटाचा मागचा भाग कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये साध्या तापमानाला रात्रभर ठेवा, स्नायू विरघळल्यावर पाण्याने धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात घ्या, आणि बाजूने, वरून व खालून अशा तिन्ही कोनांतून पाहा. नमुना जरासा कलला तरी पाळीचे दुभंगणे नाहीसे होते किंवा नको तिथे दिसू लागते. असे अनेक नर तपासल्यावर जे लक्षण टिकते, तेच वर्णनात लिहावे. नुकत्याच कोषातून निघालेल्या नराचे भाग मऊ आणि फिकट असतात, ते नमुने तुलनेतून बाजूला ठेवा.

पाणकीटक:

डीएनएविषयी थोडे लिहितो. सीओआयचा ६५८ बेसचा तुकडा उपयोगी आहे, परंतु सार्वजनिक संग्रहात भारतीय चिमाराच्या फार थोड्या प्रजातींचे क्रम असल्यामुळे ‘जवळचा क्रम सापडला नाही’ याचा अर्थ ‘प्रजाती अज्ञात आहे’ असा होत नाही. १९५० च्या सुमारास वर्णिलेल्या एखाद्या प्रजातीचा क्रम आजवर कोणी काढलाच नसेल, तर तिचाही निकाल असाच येईल. तरी ही माहिती लेखात अवश्य द्यावी, कारण पुढे अळी ओळखण्यासाठी तिचाच आधार मिळतो.

अळी त्याच ओढ्यातली आहे एवढ्यावरून ती त्या नराची ठरत नाही. एकाच ओढ्यात चिमाराच्या अनेक प्रजाती सहज नांदतात. खात्रीचे मार्ग दोन. एक म्हणजे अळी आणि नर यांचा क्रम जुळवणे. दुसरा जुना आणि माझ्या मते अधिक समाधानकारक: बाहेर पडण्याच्या बेतात असलेला नर कोष (अळी व प्रौढ यांमधली अवस्था) शोधावा. त्याच्या आवरणात अळीने टाकलेल्या कातीचे कठीण तुकडे, म्हणजे डोक्याचे कवच आणि जबडे, पडलेले असतात, आणि कोषाच्या कातडीतून प्रौढ नराची जननांगे तयार झालेली दिसतात. अळी आणि प्रौढ यांचा पुरावा एकाच नमुन्यात मिळतो. चिमाराचे कोष खळाळत्या पाण्यातील दगडांच्या खालच्या बाजूला खड्यांच्या निवाऱ्यात असतात. चिमट्याने ओढून काढू नका, आवरण फाटून कात वाहून जाते. असा पुरावा मिळेपर्यंत अळीचे वर्णन लेखात घेऊ नये.

नियमावली:

तुलनेनंतरही प्रजाती नवी ठरली तर काही बाबी टाळता येणार नाहीत. प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार १९९९ नंतरच्या लेखात नाव नवे असल्याचे स्पष्ट लिहावे लागते, होलोटाइप (नाव ज्याला कायमचे जोडले जाते तो एकच नमुना) नेमून दाखवावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला जाणार हेही सांगावे लागते. लेख केवळ इंटरनेटवर निघणार असेल तर त्याची झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंद हवी आणि त्या नोंदीचा उल्लेख लेखातच हवा. भारतात २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीची माहिती नियुक्त संस्थेला देऊन तिथे नमुने जमा करणे बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी अशी संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. ओढा अभयारण्यात असेल तर वनविभागाच्या संग्रह-परवान्याचा तपशीलही हाताशी ठेवा, कारण संपादक तो मागतात.

चांगले उदाहरण म्हणून कोसोवोतील पोटामोफायलॅक्स कोरोनाव्हायरस या कॅडिसफ्लायचे २०२१ मधील वर्णन वाचावे. नावामुळे ते वृत्तपत्रांत गाजले. मात्र लेखाचे बळ नावात नसून जवळच्या प्रजातींशी केलेल्या तुलनेत आहे, आणि तिथे नराची जननांगे व डीएनए या दोहोंचा आधार घेतलेला आहे. नदीवरील जलविद्युत प्रकल्पामुळे अधिवासाची झालेली हानीही त्यात नोंदलेली आहे. आपणही ओढ्याची उंची, प्रवाह, तळाचे दगड आणि काठची झाडी यांविषयी चार वाक्ये लिहावीत. बहुतेक जुन्या वर्णनांत नेमके हेच नसते.

ओहळकाठ:

सर्वांचे आभार. नावांची यादी करायला घेतली आहे आणि लेख तूर्त थांबवला आहे. एक शंका उरते. ज्या नराचा क्रम काढला त्याचे दोन पाय त्यासाठी वापरले गेले. त्यालाच होलोटाइप करावे का?

सूक्ष्मदर्शक:

उरलेल्या पायांवर तिन्ही जोड्यांचे काटे मोजता येत असतील आणि पंख व जननांगे शाबूत असतील, तर अवश्य करावे. क्रम आणि नाव एकाच नमुन्याला जोडलेले राहते. कोणत्या बाजूचे कोणते पाय काढले ते लेबलवर लिहा. स्वच्छ केलेले पोट ग्लिसरीनच्या लहान नळीत घालून ती नळी त्याच नराच्या अल्कोहोलच्या बाटलीत ठेवा, आणि लेबल पेन्सिलीने किंवा अल्कोहोलमध्ये न फुटणाऱ्या शाईने लिहा.