सरकारी बसच्या नोकरीत युनियनची वर्गणी भरावी काय?

खानापूरकर_८८
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ कर्नाटकच्या सरकारी बस डेपोत ड्रायव्हर-कम-कंडक्टर म्हणून लागलाय, ट्रेनिंग संपलं, आता रोजची ड्युटी सुरू झाली. पहिला पगार पडायच्या आत दोन-तीन युनियनवाले वर्गणीचं पुस्तक घेऊन मागे लागलेत. आई म्हणते त्यांच्यापासून लांबच रहा, २०२१ च्या संपात लोकांना घरी बसवलेलं तिने टीव्हीवर बघितलंय. त्यात आमचा मावसभाऊ कोल्हापूरला महाराष्ट्राच्या एसटीत, तिथे ऑक्टोबर २०२१ ला संप सुरू झाला तो एप्रिल उजाडेपर्यंत चालला आणि एसटीचं सरकारात विलीनीकरण काय झालं नाहीच. भाऊ म्हणतो सगळे भरूलेत तर आपण पण भरू. मला एवढंच विचारायचंय की पगार बेंगळूरला ठरतो, बदली हुबळीहून होते, मग डेपोतली युनियन नेमकं करते काय?

निवृत्त_कंडक्टर
पगार बेंगळूरला ठरतो, पण मेमो तुझ्या भावाच्या हातात डेपोतच पडणार की रे. संप कधीतरी होतो, चार्जशीट रोजची आहे. आता बायकांना फुकट प्रवासाची शक्ती योजना आल्यापासून, म्हणजे जून २०२३ पासून, त्यांना शून्य रुपयांचं झिरो तिकीट द्यावंच लागतं. बाजाराच्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसते, एखादं तिकीट राहिलं आणि नेमका पुढच्या स्टॉपला चेकिंगवाला चढला की झालं. पैसे एक रुपया इकडचा तिकडे नाही तरी कागद निघतो. तो कागद कन्नडमध्ये, तोही हापिसातला कन्नड, आमची पोरं बोलतात फाडफाड पण उत्तर लिहायला बसवलं की घाम फुटतो. मग कोणतरी सांगतो "माफी मागून टाक, साहेब सोडतील", हा लिहून सही करून देतो, आणि तीच कबुली म्हणून फाइलला लागते. पुढे इन्क्रिमेंट थांबलं की बोंबलत फिरायचं.
युनियनचा मुरलेला माणूस पहिलं हेच सांगतो की आज काहीएक लिहू नको, आधी रिपोर्टची नक्कल माग, मुदत माग. खात्याच्या चौकशीत आपल्या बाजूने सहकारी बसवता येतो, तो चेकिंगवाल्याला उलटे प्रश्न विचारतो, गाडीत किती माणसं होती, तुम्ही कुठे चढलात, बाईचा जबाब घेतला काय. अशी निम्मी प्रकरणं तिथेच ढिली पडतात. तेव्हा भावाला म्हणावं झेंड्याचा रंग बघू नको, चौकशीत कोण बसतो ते जुन्या लोकांना विचार आणि त्याच्या युनियनची पावती फाड.

रोजचा_प्याशेंजर
काका तुमचं खरं असेल पण आमचं कोण बघणार? आपल्या कर्नाटकात ७ एप्रिल २०२१ ला गाड्या बंद झाल्या त्या २१ ला सुरू झाल्या, दोन आठवडे वडापवाल्यांनी वाट्टेल तो दर लावला. तेव्हा पुढे कोण होते तर शेतकरी नेते कोडिहळ्ळी चंद्रशेखर, बस कामगारांचा आणि त्यांचा काय संबंध ते मला आजतागायत कळलेलं नाही. मागणी सहाव्या वेतन आयोगाची, ती मिळाली नाही, कारवाई मात्र गरिबांवर. ५ ऑगस्ट २०२५ ला परत तेच, हायकोर्टाने आदल्या दिवशी थांबा म्हटलेलं असताना गाड्या थांबवल्या आणि कोर्टाने झापल्यावर मागे. युनियनच्या पुढाऱ्यांना स्टिअरिंग धरून किती वर्षं झाली ते पण एकदा विचारा.

निवृत्त_कंडक्टर
शेवटच्या वाक्याला माझा हात वर, तसले पुढारी मी पण बघितलेत. पण ऑगस्टचा संप कशासाठी होता ते पण सांगा की. १ जानेवारी २०२० पासूनची पगारवाढ दिली मार्च २०२३ ला, मधल्या ३८ महिन्यांचा फरक अडकला. १ जानेवारी २०२४ ला परत नवा करार व्हायला हवा होता, तो पण नाही. तुमचा पगार कुणी ३८ महिने मागे ठेवला तर तुम्ही गप्प बसाल काय?

चिक्कोडीचा_कारकून
एक गोष्ट इथे मिसळूलीय म्हणून लिहितो. आम्ही सरकारी खात्यातले लोक आणि बसवाले एका मापात बसत नाही. २००३ ला तमिळनाडूच्या रंगराजन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सरळ सांगितलं की सरकारी नोकरांना संपाचा हक्क नाही, ना मूलभूत, ना कायद्याने, ना नैतिक. तरी आमच्या संघटनेने १ मार्च २०२३ ला काम बंद केलं आणि त्याच दिवशी १७ टक्के अंतरिम वाढ पदरात पडली. निवडणूक दोन महिन्यांवर होती ना. मुहूर्त असा साधावा लागतो, हे मी कौतुकाने म्हणूलोय की वैतागून ते मलाच माहीत नाही.
बस म्हणजे निगम, महामंडळ, तिथे औद्योगिक कायदा लागतो, संप करता येतो पण नोटीस देऊन, आणि समेटाची बोलणी चालू असताना नाही. वर अत्यावश्यक सेवेतला संप बंद करणारा एस्मा कायदा आहेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता आलीय, तिच्यात निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी सीएल, म्हणजे किरकोळ रजा टाकली तर तो पण संपच धरतात. भावाला हे आवर्जून सांगा, "आम्ही संप नाही केला, रजा टाकली" ही जुनी युक्ती आता चालायची नाही. शिवाय ५१ टक्के कामगार ज्या युनियनमागे, बोलणी तिच्याशीच, म्हणून तर पुस्तकं घेऊन एवढी पळापळ चाललीय.

वडगावची_ताई
तुम्हाला निदान पगार म्हणायला पगार आहे ओ. आम्ही गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशा, आम्हाला मिळतं ते मानधन आणि इन्सेंटिव्ह, कामगार म्हणून धरतच नाहीत, तर नोटीस कोण देणार आणि घेणार कोण. तरी जानेवारी २०२५ ला बेंगळूरला फ्रीडम पार्कात थंडीत रात्री काढल्या तेव्हा कुठे महिना १० हजाराचं आश्वासन मिळालं. दर हिवाळ्यात विधानसभेच्या अधिवेशनाला बेळगावच्या सुवर्णसौधजवळ आंदोलनाचे मंडप पडतात, बघायला या एकदा. एकट्या बाईला तिथे कोण आत घेतलं असतं? भरू दे भावाला वर्गणी.

खानापूरकर_८८
सगळ्यांचे आभार. आईला चौकशीचं समजावून सांगितलं, ती म्हणते बरं, पण मोर्चाला जायचं नाही. आता एकच, एका युनियनने पावती दिलीय तिच्यावर रजिस्टर नंबरच नाही, नुसतं नाव आणि सही. चालतं काय?

चिक्कोडीचा_कारकून
नाही. नोंदलेल्या युनियनला नंबर असतो, आधी १९२६ च्या कायद्याने, आता नव्या संहितेने, आणि दरवर्षी हिशोब रजिस्ट्रारकडे द्यावा लागतो. नंबर विचारा, टाळाटाळ केली तर पैसे परत मागा.

निवृत्त_कंडक्टर
आणि पावती डेपोतल्या लॉकरला नको, घरी ठेवायला सांग.