कॉर्व्हेट विरुद्ध 911: रिव्ह्यूवाले पक्षपात करतात का?

प्रश्न: शेवरलेची सी8 कॉर्व्हेट आणि पोर्शे 911 ची 992 पिढीतली कॅरेरा एस या दोन स्पोर्ट्स कारच्या तुलनेत पोर्शेला जरा जास्तच झुकतं माप मिळतं असं वाटतं. आकडे नेमके कसे पडताळायचे?

प्रतिसाद 1: आधी टायर बघा. साध्या सी8 ला ऑल-सीझन टायर येतात, झेड51 या ऐच्छिक परफॉर्मन्स पॅकेजमध्ये जास्त पकड देणारे उन्हाळी टायर, मिशेलिन पायलट स्पोर्ट 4एस. मोठे ब्रेक आणि इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियलही (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा) त्याच पॅकेजात. साधी सी8 घेऊन ग्रिपची तुलना केली असेल, तर तो निकाल बाजूला ठेवा. पोर्शेच्या फोटोत कॅलिपर (चाकाआड दिसणारा ब्रेकचा भाग) पिवळे दिसले तर सिरॅमिक ब्रेक आहेत, म्हणजे गाडी महागडे ऑप्शन भरलेली. मग किंमत बेस मॉडेलची का छापली, हा प्रश्न रास्तच आहे.

प्रतिसाद 2: 0 ते ताशी 60 मैल वेग गाठण्याच्या वेळेचं गणितही वेगळं असतं. अमेरिकी मासिकं बहुधा पहिला 1 फूट सोडून घड्याळ सुरू करतात, तिथेच 0.2-0.3 सेकंद वाचतात. शिवाय ताशी 60 मैल म्हणजे ताशी 96.6 किमी, युरोपात मोजतात ते 100 नव्हे. युरोपातल्या आकड्याशी थेट तुलना करूच नका. लाँच कंट्रोलचा (थांबलेली गाडी झटक्यात सुटावी यासाठीच्या यंत्रणेचा) फायदा वगळायचा तर चालत्या गाडीचा, ताशी 5 ते 60 मैलांचा आकडा बघा.

प्रतिसाद 3: जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकलाही तेच. फेरी 20.6 किमीची धरली की पूर्ण 20.832 किमीची, हे आधी विचारा. 2021 मध्ये 911 जीटी2 आरएसच्या एकाच विक्रमाच्या दोन वेळा निघाल्या: छोट्या फेरीची 6:38.835 मिनिटं आणि पूर्ण फेरीची 6:43.300. माझ्या मते पक्षपातापेक्षा अर्धवट माहितीच जास्त घात करते.

प्रतिसाद 1: पण ती अर्धवट माहिती दरवेळी एकाच गाडीच्या पथ्यावर पडत असेल, तर त्याला पक्षपातच म्हणायचं.