टेबलावरच्या विमानयुद्धात एवढं काय आहे?

रविवारसकाळ (ठाणे)
नमस्कार मंडळी. ऑफिसमधला एक मित्र शनिवारी बोर्ड गेम खेळायला घरी बोलावतो. कॅटान, तिकीट टू राइड हे खेळ मला लगेच जमले आणि आवडलेही. गेल्या वेळी मात्र त्याने पहिल्या महायुद्धातल्या विमानांचा खेळ काढला, 'विंग्ज ऑफ ग्लोरी'. मोठी माणसं टेबलाभोवती उभी राहून पुठ्ठ्याच्या पट्टीने अंतरं मोजत होती, मध्येच ओरडत होती. मी बघत बसलो. मोबाइलवर याहून झकास विमानं आवाजासकट उडवता येतात, मग लोक यात एवढे का रमतात? शिवाय जिथे खरी माणसं मेली त्याचा खेळ करणं माझ्या बायकोला पटत नाही आणि तिचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही. जाणकारांनी सांगावं.

ओझरची वहिनी
सांगते, कारण हा माझा सगळ्यात आवडता खेळ आहे. आमच्याकडे 2004 मधला जुना इटालियन संच आहे, तेव्हा त्याचं नाव 'विंग्ज ऑफ वॉर' होतं. माझ्या दिरांनी आणला, पण आता जास्त मी आणि भाचाच खेळतो.

यात पाळीपाळीने खेळायचं नसतं, सगळी गंमत त्यातच आहे. प्रत्येक विमानाचा पत्त्यांचा वेगळा जोड असतो आणि एकेका पत्त्यावर एकेक हालचाल: सरळ, हलकं वळण, तीव्र वळण. दोघांनी आपापले तीन पत्ते आधीच निवडून पालथे ठेवायचे. मग पहिला पत्ता दोघांनी एकदम उलटायचा, विमानं सरकवायची, समोरचा टप्प्यात असेल तर गोळी झाडायची. मग दुसरा, मग तिसरा. ठेवलेला पत्ता बदलता येत नाही. म्हणजे तुम्ही विमानावर नेम धरतच नाही. तो भिडू थोड्या वेळाने कुठे असेल, त्या रिकाम्या जागेवर नेम धरता. त्यासाठी समोरचं माणूस ओळखावं लागतं. माझा भाचा घाबरला की डावीकडे वळतो, हे मला ठाऊक आहे. मला ते ठाऊक आहे हे आता त्यालाही कळलंय, त्यामुळे परवा तो मुद्दाम सरळ माझ्या अंगावर आला. मोबाइलमध्ये हे कुठून आणणार?

दुसरी गोष्ट नुकसानीच्या पत्त्यांची. पट्टीच्या अर्ध्या लांबीच्या आत सापडलात तर दोन पत्ते घ्यायचे, त्यापलीकडे पट्टी पोचली तर एक. ते ज्याचे त्यानेच बघायचे. एखाद्यावर शून्य असतं, एखाद्यावर पाच. कधी सुकाणू अडकतं आणि पुढच्या फेरीत एका बाजूला वळताच येत नाही. भाच्याने परवा दोन पत्ते उचलले, अंगठ्याने कोपरा किंचित वर करून बघितले आणि खाली ठेवले. चेहऱ्यावर रेषही हलली नाही. त्याचं फोकर विमान आता पडायला आलंय की धडधाकट आहे? पाठलाग करू की माझं विमान सांभाळू? पुढचे तीन पत्ते निवडताना माझ्या हाताला घाम आला होता.

आणि विमानं सगळी सारखी नाहीत. सॉपविथ कॅमलचं आख्खं इंजिन पंख्याबरोबर गरगर फिरायचं, म्हणून ते उजवीकडे झटकन वळायचं. कॅमलच्या पत्त्यांतही उजवीकडचं वळण जास्त तीव्र आहे. हे वाचून मी विसरले असते, खेळून ते हातात बसलं.

तुमच्या मिसेसचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. आगीचा पत्ता आला की अजूनही चर्र होतं, कारण त्या युद्धात ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूटच देत नसत. पण या खेळामुळेच मी शोधायला लागले आणि मला आपल्या मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर सापडले. ते डॉल्फिन विमान उडवायचे, जून 1918 मध्ये फ्रान्समध्ये मरण पावले, तिथेच त्यांची कबर आहे. कलकत्त्याच्या इंद्रलाल रॉय यांनी जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विमानं पाडली, त्याच महिन्याच्या 22 तारखेला ते गेले. वय 19. माझा भाचा 17 चा आहे. ही नावं आमच्या घरात आता सगळ्यांना माहीत आहेत, आणि ती शाळेतून आलेली नाहीत.

एकला_भिडू
वहिनींशी सहमत, पण मला भिडूच मिळत नाही, म्हणून मी 'बी-17 क्वीन ऑफ द स्काइज' खेळतो. 1980च्या दशकातला, एकट्याने खेळायचा. दुसऱ्या महायुद्धातलं एक बॉम्बर विमान, दहा जणांचा चमू, इंग्लंडहून उडायचं आणि 25 मोहिमा पुऱ्या करायच्या. बरंचसं फाशांवर आणि तक्त्यांवर ठरतं, ठरवायला फार काही नसतं, हे कबूल. पण चमूची नावं आपण लिहायची असतात. विमानातली ऊब बंद पडली आणि कमरेजवळच्या तोफचीची बोटं हिमदंशाने गेली, की त्याचं नाव खोडताना पेन थांबतं. युद्ध छान असतं असं हा खेळ खेळून कोणाला वाटेल, हे मला तरी पटत नाही.

रविवारसकाळ (ठाणे)
वहिनी, वेलिणकरांबद्दल बायकोला वाचून दाखवलं. या शनिवारी तीही येते म्हणाली. दोघांनी पहिल्यांदा खेळताना काय घ्यावं?

ओझरची वहिनी
अरे वा! उंचीचे नियम पहिल्या दिवशी अजिबात काढू नका, त्यात डोकं पिकतं. तिला कॅमल द्या, तुम्ही स्पॅड घ्या. स्पॅड वेगवान आहे, पण वळायला जड, त्यामुळे फरक लगेच कळेल. टेबल मोठं हवं, कारण विमान कडेबाहेर गेलं की बाद. गुळगुळीत काचेवर पत्ते सरकतात आणि मग जागेवरून वाद होतात, म्हणून खाली जाड चादर ताणून घाला. आणि इमेलमन, म्हणजे उलटी कोलांटी घेऊन मागे फिरणं, घ्यायचं असेल तर त्या पत्त्याच्या आधी आणि नंतर सरळचा पत्ता लागतो. हे तिला सुरुवातीलाच सांगा, नाहीतर मधेच नियम काढला म्हणून भांडण होईल.