गणपतीच्या पूजासंचातील कापूर आणि परदेशी कुरिअर

गृहउद्योग_कोथरूड:
आम्ही पूजासाहित्याचे संच घरीच तयार करतो आणि गणेशोत्सवाच्या आधी अमेरिका व युरोपातील ग्राहकांना कुरिअरने पाठवतो. प्रत्येक संचात कापराच्या वड्यांची डबी, काडेपेटी, अत्तराची कुपी, फुलवाती, उदबत्ती आणि बटन सेलवर चालणाऱ्या दोन पणत्या असतात. पावतीवर आम्ही 'पूजासाहित्य' असे वर्णन लिहितो. यंदा एक खोके विमानतळावरील क्ष-किरण तपासणीनंतर 'धोकादायक माल' असा शेरा मारून परत आले. आक्षेप नेमका कशावर होता, हे बुकिंग काउंटरवर कोणालाही सांगता आले नाही. संचातून काय काढावे लागेल, की रीतसर जाहीर करून सर्वच पाठवता येईल?

मालवाहतूक_अंधेरी:
आक्षेप बहुधा कापूर आणि काडेपेटी या दोहोंवर असणार. कृत्रिम कापराला संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत २७१७ हा क्रमांक आहे, सुरक्षित काडेपेटीला १९४४. दोन्ही वर्ग ४.१ म्हणजे ज्वलनशील घन पदार्थांत मोडतात. धुपासाठी कोळशाच्या वड्या घालत असाल तर त्याही आताच काढा, कारण कोळसा वर्ग ४.२ मध्ये, आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत येतो. हा माल विमानातून नेण्यास सरसकट बंदी आहे असे नाही. परंतु वर्गीकरण, वेष्टन, खुणा, लेबले आणि स्वाक्षरीचे घोषणापत्र ही सारी जबाबदारी पाठवणाऱ्यावर असते, आणि ती कामे प्रशिक्षित व्यक्तीनेच करावी लागतात. आपल्याकडे यासाठी २००३ चे नियम लागू झाले आणि त्यांची देखरेख नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आली. आयाटाची (आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेची) धोकादायक मालाची नियमावली दरवर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते, त्यामुळे मागील वर्षी खोके गेले होते हा युक्तिवाद काउंटरवर चालत नाही. शिवाय बहुतेक कुरिअर कंपन्या असा माल स्वतंत्र करार असलेल्या ग्राहकांकडूनच घेतात. कापराच्या एका डबीसाठी हा खटाटोप परवडणारा नाही.

'पूजासाहित्य' हे वर्णन मात्र ताबडतोब सोडा. त्यातून आत काय आहे ते कळत नाही, आणि तपासणीत कापूर सापडला की अज्ञानाने घडलेली गोष्टही लपवाछपवी ठरते.

गृहउद्योग_कोथरूड:
सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. कापूर आणि काड्या वगळतो. अत्तर व पणत्यांचे काय करावे? आणि हेच खोके टपालाने पाठवले तर?

रसायन_ठाणे:
अत्तराचे उत्तर कुपीवरील नावात नाही, आतील द्रवात आहे. मद्यार्क मिसळलेला फवारा असेल तर तो वर्ग ३ म्हणजे ज्वलनशील द्रव, क्रमांक १२६६. चंदनतेलात उतरवलेले पारंपरिक अत्तर त्या वर्गात येईलच असे नाही. उत्पादकाकडून सुरक्षा माहितीपत्रक मागवा. त्याच्या नवव्या विभागात ज्वलनबिंदू (द्रवाची वाफ ज्या किमान तापमानाला पेट घेऊ शकते ते) आणि चौदाव्या विभागात वाहतुकीचे वर्गीकरण दिलेले असते. बंद पात्रात मोजलेला ज्वलनबिंदू ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असेल, तर ते द्रव ज्वलनशील समजावे. चौदावा विभाग कोरा सोडणाऱ्या पुरवठादाराचे अत्तर मी तरी पार्सलमध्ये घालणार नाही.

मालवाहतूक_अंधेरी:
पणत्यांचे सेल पणतीतच बसवलेले ठेवा आणि पणती वाटेत आपोआप लागणार नाही अशी व्यवस्था करा. बटन सेल उपकरणात बसवलेले असतील तर खोक्यावर लिथियम बॅटरीची खूण लावावी लागत नाही. सुटे सेल सोबत दिले की वेगळे नियम लागू होतात. तरीही बुकिंगच्या वेळी सेलचा उल्लेख करा, कारण काही कंपन्यांचे स्वतःचे नियम अधिक कडक असतात. टपालाचा मार्ग कापरासाठी उपयोगाचा नाही, आंतरराष्ट्रीय टपालात ज्वलनशील माल निषिद्धच आहे. जहाजानेही सुटका नाही. धोकादायक मालाच्या सागरी वाहतुकीच्या नियमसंहितेत कापराचा वर्ग तोच राहतो.

लेस्टरकर:
इकडे इंग्लंडमधल्या भारतीय दुकानांत कापूर आणि काडेपेटी सहज मिळतात. संचात त्या दोन वस्तू नाहीत आणि त्या स्थानिक दुकानातून घ्याव्यात, अशी एक मराठी चिठ्ठी घाला. आमच्यासारख्या ग्राहकाला खरी गरज सुटसुटीत बांधलेल्या जानव्याची आणि फुलवातींची असते.